रुमालाखालचा करार

चाचा,

तुमचा रुमाल माझ्याकडं आहे. काल तुमची तिसऱ्या दिवसाची जियारत झाली, माणसं पांगायला लागली, तेव्हा तुमच्या सूनबाईंनी तो घडी घालून माझ्या हातात दिला. "अब्बा बोलून गेले, बी.ए.ला द्या म्हणून," एवढंच बोलल्या आणि आत गेल्या. तोच चौकड्यांचा, कडेला विरलेला रुमाल. धुतलाय, तरी बैलाच्या अंगाचा वास गेलेला नाही. घरी आणून खुंटीला लावला, पुन्हा काढला, आता मांडीवर घेऊन बसलोय. ओसरीवर सकाळचं ऊन आलंय. याच वेळेला तुम्ही दारावरनं जायचात आणि हाक टाकायचात, "क्या रे बी.ए., काय म्हणतोय पेपर?"

तुम्ही कधी जन्मलात, कुणाचे कोण होतात, ते मी लिहिणार नाही. ज्याला मकबूल दलाल माहीत नाही त्यानं येरमाळ्याच्या बैलबाजारात जाऊन कुठल्याही बैलाला विचारावं. मला फक्त एका सौद्याबद्दल बोलायचंय. त्या सौद्यात तुम्ही हरलात असं दोन गावं समजतात. तुम्ही हरला नव्हतात. हे तीनच माणसांना माहीत होतं, आणि त्यातले एक तुम्ही.

बैलबाजारात सौदा कसा होतो हे मी लहानपणापासून बघत आलो, पण समजलं तुमच्यामुळं. घेणारा आणि देणारा, नाही तर त्यांचे दलाल, समोरासमोर उभे राहतात. हातांवर रुमाल पडतो. रुमालाखाली बोटं धरायची, दाबायची, सोडायची. भाव तोंडानं कुणी काढायचा नाही. आजूबाजूला शंभर माणसं उभी असली तरी आकडा फक्त त्या दोन हातांना कळतो. आणि पटलं की अंगठ्यासकट सगळा पंजा मुठीत घेऊन एक झटका द्यायचा. झटका बसला की सौदा पक्का, मग आभाळ कोसळलं तरी फिरायचं नाही.

हैदराबादहून बी.ए. होऊन आलो तेव्हा मी तुम्हाला विचारलं होतं, "चाचा, ही लपवाछपवी कशाला? भाव काय तो उघड बोलावा." माझ्या घराण्यात माझ्याआधी कुणी चौथीच्या पुढं गेलं नव्हतं. मी मात्र उर्दूतून राज्यशास्त्र शिकून आलो होतो. मला तेव्हा सगळ्याच गोष्टी उघड्या करायच्या होत्या.

तुम्ही तंबाखू मळत होतात. म्हणालात, "रुमाल भाव झाकाया नसतो रं. लाज झाकाया असतो. देनारा एक बोट खाली येतो, घेनारा एक बोट वर जातो. उघड्यावर कोन येईल खाली? शंभर माणसं हसतील. मग दोघंबी ताठ ऱ्हातील आन् बैल उन्हात उभा ऱ्हाईल."

मी तुम्हाला कॉलेजातलं सांगितलं. आमचे प्रोफेसर म्हणायचे, राष्ट्राराष्ट्रांच्या बोलण्यात दोन तऱ्हा असतात. एका तऱ्हेत समोरच्याला जेवढं मिळालं तेवढं आपलं गेलं, म्हणून दाबायचं, धमकवायचं, शेवटपर्यंत सोडायचं नाही. दुसऱ्या तऱ्हेत आधी बघायचं, की त्याला काय हवंय, आपल्याला काय हवंय, आणि दोघांचं भागेल असं काही आहे का. पहिल्या लढाईनंतर जर्मनीला पहिल्या तऱ्हेनं वाकवलं, आणि वीस वर्षांत पुन्हा लढाई पेटली, हेही सांगितलं. तुम्ही जर्मनी कुठं आहे हे विचारलं नाहीत. म्हणालात, "हरलेल्याला घरी जायाला तोंड ठिवलं न्हाय. मग त्यो परत आला. सौदा झाल्यावर घेनाराबी घरी जातो, देनाराबी जातो. घरी बायको इचारती, काय करून आलात? दोघांच्याबी तोंडात उत्तर पायजे."

प्रोफेसरांना ज्यासाठी अर्धा तास लागायचा ते तुम्ही तंबाखूची चिमूट दाढेत धरता धरता सांगितलंत. मला राग आला होता, चाचा. आता कबूल करतो. चार वर्षं परक्या शहरात उपाशीतापाशी राहून जे शिकलो ते एका अंगठेबहाद्दर माणसाला आधीच माहीत असावं, हे मला सोसलं नव्हतं.

मग ते साल आलं. ऑगस्टात इंग्रज गेला. ओढ्याच्या पल्याड, बार्शीकडच्या मुलखात, तिरंगा लागला. ओढ्याच्या अल्याड आपण निजामाच्या राज्यात होतो तिथंच राहिलो. कालपर्यंत जो ओढा होता तो एका सकाळी दोन देशांची हद्द झाला. नाक्यावरचा शिपाई पूर्वी मीठमिरचीची पिशवी बघून सोडायचा, तो माणसाचं तोंड बघायला लागला.

आणि त्याच साली पावसानं मधेच दगा दिला. ओढा श्रावणातच आटला, राहिला फक्त डोह. डोह आपल्या काठाला, गायरान त्यांच्या काठाला. आजोबा-पणजोबांपासून त्यांची गुरं आपल्या डोहावर पाणी प्यायची आणि आपली गुरं त्यांच्या गायरानात चरायची. कुणी कागद केला नव्हता, कुणाला तशी गरज वाटली नव्हती. त्या साली आपल्या काही तरण्या पोरांनी बोरी-बाभळीच्या फांद्या आणून डोहाला काटेरी कुंपण घातलं. "परक्या मुलखाच्या गुरांना पाणी नाही," म्हणाले. ते वाक्य त्यांना मी शिकवलं होतं. पाचव्या दिवशी आपली बैलं सवयीनं गायरानात गेली आणि पल्याडच्यांनी ती हाकून कोंडवाड्यात घातली. बावीस बैलं. अकरा जोड्या. त्यात माझ्या बापाचे हरण्या आणि मोऱ्या.

दोन दिवसांनी एक पाऊस झाला. ओढा वाहिला नाही, पण रान भिजलं, आणि रब्बीच्या पेरणीला वाफसा आला. आणि गावात बैल नाहीत.

चावडीवर मी उभा राहिलो. माझं बोलणं मला अजून शब्दाशब्दानं आठवतंय. "त्यांच्या विहिरी तळाला गेल्यात. कुंपण हलवू नका. आठ दिवस दम धरा. पाण्यावाचून नाक घासत येतील आणि बैलं स्वतः आणून बांधतील." पोरांनी टाळ्या वाजवल्या.

तुम्ही मागं बसला होतात. उठलात, चावडीशेजारच्या रानात गेलात, मूठभर माती घेऊन आलात. माझ्यापुढं मूठ दाबलीत, ढेकूळ केलंत आणि बोटानं फोडलंत. ते भुसभुशीत फुटलं.

"बघ. हाय वाफसा. किती दिवस ऱ्हाईल?"

"चार," माझा बाप म्हणाला.

"आन् पल्याडचे नाक घासाया येनार आठ दिसांनी," तुम्ही म्हणालात. "बी.ए., तुझं गनित बरूबर हाय. फकस्त वाफसा कुनाची वाट बघत न्हाय."

लोक हसले. मी खाली बसलो.

दुसऱ्या दिवशी ओढ्याच्या कोरड्या पात्रात, मधल्या सपाट दगडावर, तुम्ही आणि पल्याडचे दाजीबा पाटील समोरासमोर बसलात. या काठावर आपलं गाव, त्या काठावर त्यांचं. दोघांच्या हातांवर हा रुमाल, आत्ता माझ्या मांडीवर आहे तोच. मला वाटलं होतं, गुपचूप बसून बोटं दाबतील. तुम्ही तर भांडायलाच सुरुवात केलीत!

"पाटील, तुमच्या गायरानात काय सोनं उगवतंय व्हय? नुसती कुसळं!"

"मग ती कुसळं खायाला तुमची बैलं वडा वलांडून कशापायी आली? तुमच्याकडच्या गवताला सुतक पडलंय का?"

"आमच्या डोहाचं पानी पिऊन तुमच्या म्हशी म्हशी झाल्या. न्हायतर शेळ्या व्हत्या, शेळ्या!"

"आरं जा, तुमच्या डोहात बेडूकबी मुक्कामाला ऱ्हात न्हाय!"

दोन्ही काठांवर हशा, शिट्ट्या. मी पण ओरडत होतो. माझ्या मनात आलं, वा, चाचा अखेर माझ्या वाटेला आले, दाबतायत. आणि एकाएकी तुमचा हात रुमालाखाली हलला, झटका बसला, आणि दोघं उठून कपडे झटकून आपापल्या काठाला आलात. दोघांच्याही चेहऱ्यावर राग तसाच होता.

आपल्या लोकांना तुम्ही एवढंच सांगितलंत, "बैलं येतात. गायरान मोकळं." पल्याड पाटलांनी एवढंच सांगितलं, "डोह मोकळा." दोन्ही गावं आपण जिंकलो म्हणून घरी गेली.

त्या संध्याकाळी तुमच्या ओसरीवर चहा पिताना तुम्ही मला आतलं सांगितलंत. मीच खोदून विचारलं होतं. डोह आठवड्यात पाच दिवस त्यांना, दोन दिवस आपल्याला, कारण आपल्याला विहिरींचा आधार होता आणि त्यांना नव्हता. गायरान आपल्याला रोज, कारण त्यांच्याकडं कडबा शिल्लक होता आणि आपल्याकडं नव्हता. आणि सगळ्यात नामी गोष्ट म्हणजे, बैलं एकदम यायची नव्हती. त्या दिवशी प्रत्येक जोडीतला एक, आणि आपण कुंपण अर्धं काढायचं. एक दिवस सोडून उरलेला एक, आणि कुंपण सगळं काढायचं.

"एकेक का? सरळ पाच जोड्या आणायच्या ना आधी," मी म्हणालो.

"मग पाच घरं पेरत्याल आन् सहा घरं बोंबलत्याल. पाच घरांना पुढं काय पडलंय? आता अकरा घरांच्या दावणीला अर्धी जोडी. कुनीबी सौदा मोडू देनार न्हाय. एका बैलानं पेरनी व्हते का?" मग तुम्ही हसलात. "म्हशीला शेळी म्हनलं तवा पाटलानं हसू दाबलं बघ. तितंच बोट ढिलं केलं त्यानं. शिव्या वर चालल्या व्हत्या म्हनून तर खाली जमलं. गावाला शिव्या ऐकू गेल्या, गाव खूश."

आणि मग म्हणालात, "हे पोटात ठेव."

पोटात ठेवलं नाही मी. का नाही ठेवलं, ते दोन वर्षं स्वतःला विचारतोय. वाईट हेतू नव्हता, चाचा. मला वाटलं, एवढा मोठा करार झालाय, तो लिहून ठेवायला हवा. लिहिणारा गावात मी एकटा. मी कोरा कागद घेतला, मधोमध रेघ ओढली, एका बाजूला आपल्याला काय मिळालं आणि दुसऱ्या बाजूला त्यांनी काय सोडलं ते लिहिलं. अक्षर माझं चांगलं आहे. लिहिल्यावर तो कागद इतका देखणा दिसायला लागला, की तो कुणाला तरी वाचून दाखवल्याशिवाय मला राहवेना. दुसऱ्या दिवशी चावडीवर वाचला. कोंडवाड्याचा दंड पाटलांनी माफ केला, तेही वाचलं. आणि शेवटी स्वतःच्या पदरचं एक वाक्य जोडलं, "पल्याडच्यांनी संपूर्ण माघार घेतली आहे." लोकांनी मला खांद्यावर घेतलं.

बातमीला ओढा ओलांडायला पूल लागत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी निरोप आला. पाटलांना त्यांच्याच गावानं चावडीवर बोलावून विचारलं होतं, "बोटं टेकून आलात व्हय?" उरलेली अकरा बैलं येणार नाहीत. सौदा मोडला.

घरी हरण्या एकटा दावणीला उभा होता. मान वळवून मोऱ्याच्या रिकाम्या जागेकडं बघत होता. बाप त्याच्या पाठीवर हात फिरवत म्हणाला, "नाम्या, तुझा कागद जुवाला बांधू का दुसऱ्या बाजूला?" एवढंच. माझ्या बापानं मला आयुष्यात यापेक्षा मोठी शिवी दिलेली नाही.

वाफशाचा शेवटचा दिवस उद्यावर आला होता. मी तुमच्या दारात आलो. तुम्ही रागवाल, हाकलाल, असं धरून आलो होतो. तुम्ही पायात वहाणा घालत होतात. माझ्याकडं बघितलंत आणि म्हणालात, "चल संगं. आन् तोंड घरी ठिवून ये."

ओढ्यात पुन्हा दोन्ही काठ भरले. या खेपेला शिट्ट्या नव्हत्या, काठ्या होत्या. पाटील दगडावर बसले नाहीत, उभेच राहिले. तुम्ही खांद्यावरचा रुमाल काढलात. मला वाटलं, हातांवर टाकणार. तुम्ही त्याची घडी घातलीत आणि माझ्याकडं दिलीत. मग दोन्ही गावांना ऐकू जाईल असं ओरडून म्हणालात:

"ऐका! काल आमच्याकडं जे वाचलं त्ये समदं खोटं! म्या घरी येऊन फुशारकी मारली. खरं असं हाय की, पाटलानं मला गुंडाळला. तीस वर्सं बैलांचे सौदे केले, असा गुंडाळणारा भेटला न्हाय. पाच दिस डोह काढून घेतला माझ्याकडनं, आन् मला वाटलं दोनच दिले! म्या हरलो. हरलेल्याची बैलं द्या आता. उद्या पेरनी हाय."

पल्याडचा काठ हसत सुटला. आपला काठ खाली बघायला लागला. मी पाटलांकडं बघत होतो. ते हसत नव्हते. त्यांना ठाऊक होतं, कुणी कुणाला गुंडाळलं नव्हतं ते. तुमच्यावरची नजर न काढता, मागं न बघता ते म्हणाले, "आणा रं बैलं."

परत येताना मी विचारलं, "रुमाल का नाही टाकला?" तुम्ही म्हणालात, "सौदा झाकून करायचा असतो. हार उघड्यावर द्यायची असती. न्हायतर समोरच्याला मिळत न्हाय ती."

दुसऱ्या दिवशी अकरा तिफणी चालल्या. सगळं रान पेरून झालं.

त्याची किंमत तुम्ही भरलीत. येरमाळ्याच्या बाजारात लोक तुम्हाला "गुंडाळलेला चाचा" म्हणायला लागले. एका गिऱ्हाइकानं माझ्या देखत म्हटलं, "चाचा, रुमालाला भोक पडलंय म्हणं. बोटं भाईर दिसत्यात." तुम्ही पोटभर हसलात आणि त्यानं दुसऱ्या दलालाचा हात धरला. बाजार संपेपर्यंत तुम्ही चिंचेखाली बसून होतात, खांद्यावर रुमाल, आणि कुणी आलं नाही. मी शेजारी बसलो होतो. तोंड घरी ठेवून.

गावाच्या बोलण्यात मात्र गोष्ट वेगळीच फिरली. चाचा हरले, पण बी.ए.नं कागद करून ठेवला होता म्हणून निदान बैलं तरी आली, असं लोक सांगायला लागले. मला चावडीवर पुढची जागा मिळायला लागली. मी एकदा तुमच्याकडं येऊन म्हणालो, "मी सांगून टाकतो सगळ्यांना."

"आन् पाटलानं काय करायचं? तू खरं बोलून मोकळा व्हशील. त्यो बिचारा पुन्ना खोटा पडंल, आन् पुन्ना डोहाला काटे लागत्याल. वड्यावर नाका हाय तवर नक्को."

त्या हिवाळ्यात तुम्ही रोज पेपर ऐकायला यायचात. सोलापूरचा, दोन दिवस शिळा, कधी कडब्याच्या पेंढीत लपवून आणलेला. हैदराबादची माणसं दिल्लीला जातात, येतात, पुन्हा जातात. मग वर्षभरापुरता जैसे थे करार झाला. मी तुम्हाला वाचून दाखवला, तुम्ही मान हलवलीत. "ह्यो सौदा न्हाय. बैल मधेच उभा केलाय आन् दोघंबी म्हनत्यात, उद्या बघू. दोघांच्याबी मागं बाजार जमलाय, आन् रुमाल कुनी टाकंना."

मी तेव्हा चिडलो होतो आणि अजूनही माझं म्हणणं सोडलेलं नाही. मी म्हणालो, "चाचा, काही गोष्टींचा सौदा होत नसतो. माणसानं कुणाची रयत म्हणून राहायचं की स्वतःचं राज्य करायचं, यात पाच दिवस तुम्ही, दोन दिवस आम्ही, असं चालत नाही."

"व्हय, त्ये खरं," म्हणालात. "पन त्या गोष्टी कोनच्या, एवढं ठरवाया तरी एका दगडावर बसावं लागतं का न्हाय?"

याचं उत्तर मी दोन वर्षं शोधतोय. तुम्ही घाई केलीत, चाचा. हे भांडण अजून मिटलेलं नव्हतं.

पुढच्या वर्षी दगडावर कुणी बसलं नाही. फौज आली, चार-पाच दिवसांत राज्य गेलं. मला आनंद झाला, तो मी लपवणार नाही. तुम्हीसुद्धा म्हणालात, "बरं झालं, पोरा, तुझं झालं." पण त्याच्या आधी निजामाच्या नावानं गुंडांनी जी गावं जाळली होती त्यांचा सूड मग दुसऱ्याच कुणावर निघायला लागला. ज्यांनी कुणाचं काही केलं नव्हतं अशा तुमच्या धर्माच्या माणसांवर. ते दिवस आपल्या भागानं कधी अभिमानानं सांगू नयेत.

आपल्या भागात हे सुरू झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी पाटील ओढा ओलांडून आले. बरोबर सात-आठ माणसं. सरळ तुमच्या ओसरीवर येऊन बसले, पागोटं काढून बाजूला ठेवलं, आणि म्हणाले, "पानी दे मकबूल. डोहाचं नगो, त्यात बेडूक ऱ्हात न्हाय." नऊ दिवस ते तिथं होते. रस्त्यावरनं टोळकी यायची, ओसरीवर पल्याडच्या पाटलाला बघायची आणि पुढं जायची. मीही येऊन बसलो, पण पाटलांच्या नंतर. एवढं खरं लिहायला हवं. अर्धा दिवस मी माझ्याच दारात उभा राहून विचार करत होतो.

ते परत निघाले तेव्हा तुम्ही त्यांना विचारलंत, "पाटील, ह्ये कोनच्या कलमात बसलं म्हनायचं?"

"रुमालाखालच्या," पाटील म्हणाले.

माझ्या त्या देखण्या कागदावर हे कलम नव्हतं. मधोमध रेघ ओढलेल्या कुठल्याही कागदावर ते लिहिता येणार नव्हतं. प्रोफेसरांनी सांगितलेल्या दुसऱ्या तऱ्हेत शेवटी काय पिकतं, ते मला तेव्हा दिसलं.

नाका उठला. त्याला वर्ष होऊन गेलं. तुमची अट तेव्हाच संपली होती, चाचा. आता सांगायला हरकत नव्हती. मी बोललो नाही. आज बोलू, पुढच्या बाजाराला बोलू, शाळेतली नोकरी कायम झाली की बोलू. तुम्ही दम्यानं अंथरूण धरलंत तेव्हाही रोज येत होतो, पेपर वाचत होतो, आणि तेवढंच टाळत होतो. तुम्ही कधी आठवण केली नाहीत. एकदाच माझा हात धरलात, अंगठ्यासकट, आणि सोडून दिलात. मला वाटलं, धाप लागली म्हणून आधार घेतलात.

काल जियारतीला पाटील आले होते. आता खूप थकलेत. तुमच्या दारातल्या चिंचेखाली एकटेच बसले होते. मी जवळ जाऊन बसलो आणि विचारलं, "पाटील, त्या वेळचं खरं सांगू का गावाला? तुमच्या गावाला कळेल, चाचांनी तुमच्यासाठी हार मागून घेतली. तुम्हाला कमीपणा येईल."

माझ्या हातात तुमचा रुमाल होता, तो त्यांनी घेतला, उलगडला आणि आमच्या दोघांच्या हातांवर टाकला. आजूबाजूला माणसं उभी होती, म्हातारा काय करतोय म्हणून बघत होती. खाली त्यांनी माझा पंजा अंगठ्यासकट धरला आणि झटका दिला. म्हाताऱ्यात एवढा जोर असेल असं वाटलं नव्हतं.

मग मोठ्यानं म्हणाले, "लई भांडकुदळ माणूस व्हता तुमचा चाचा! आमच्या म्हशींना शेळ्या म्हनला!" आणि डोळे पुसले.

आज संध्याकाळी चावडीवर माणसं जमणार आहेत. पल्याडचेही येणार आहेत, पाटलांनी सांगून ठेवलंय. तो जुना कागद मी पेटीतून काढलाय. बरोबर नेणार आहे. आधी कागद कुणी लिहिला, कुणी वाचला आणि कुणामुळं सौदा मोडला ते सांगणार, मग तुम्ही काय दिलंत ते. कागद बघून वाचायचं नाही असं ठरवलंय. रुमाल खांद्यावर घेणार नाही, तो तुमचा आहे. घडी घालून हातात धरीन, तुम्ही त्या दिवशी दिलात तसा.

निघताना तुमच्या दारावरनंच जाईन, चाचा. या खेपेला तोंड बरोबर घेऊन.

तुमचा,
बी.ए.